उबंटूच्या एएमआयमध्ये सीएफएन टूल्स बेक करायची पद्धत: क्रम, चेक आणि नेहमी होणाऱ्या चुका

अमेझॉन लिनक्सवर मस्त चालणारा क्लाऊडफॉर्मेशनचा (लिहून दिलेल्या वर्णनावरून एडब्ल्यूएसवर सर्व्हर वगैरे उभे करणारी सेवा, थोडक्यात सीएफएन) टेम्प्लेट, म्हणजे ते वर्णन, उचलायचा, फक्त एएमआय (सर्व्हर जिच्यावरून उठतो ती इमेज) बदलून उबंटूचा टाकायचा आणि स्टॅक (त्या टेम्प्लेटमधून उभा राहणारा सगळा संच) सोडायचा, हे खूप जण करतात. इन्स्टन्स, म्हणजे तो सर्व्हर, चालू होतो, आत लॉगिनही होतं, पण स्टॅक क्रिएट इन प्रोग्रेसवर बसून राहतो आणि टायमाऊट संपला की "फेल्ड टू रिसीव्ह १ रिसोर्स सिग्नल" असं म्हणून सगळं रोलबॅक होतं. कारण एवढंच की अमेझॉन लिनक्सच्या नेहमीच्या इमेजमध्ये सीएफएनची हेल्पर टूल्स आधीच बसवलेली असतात आणि उबंटूच्या इमेजमध्ये ती नसतात, आणि "काम झालं" हा सिग्नल स्टॅकला तीच पाठवतात.

मग लोक यूझर डेटामध्येच (इन्स्टन्स पहिल्यांदा बूट होताना चालणारं स्क्रिप्ट) इन्स्टॉलच्या ओळी घालतात. चालतं तेही, पण मग प्रत्येक नवा इन्स्टन्स वर येताना एपीटी (उबंटूची पॅकेजं बसवणारं) अपडेट, पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं), टारबॉल (टूल्सच्या फाईलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं) डाऊनलोड, सगळं पहिल्यापासून, आणि ऑटोस्केलिंगने (लोडप्रमाणे इन्स्टन्स आपोआप वाढवणारी सोय) रात्री इन्स्टन्स वाढवायला घेतले आणि नेमका त्याच वेळी एखादा मिरर स्लो असला की सिग्नल वेळेत जात नाही. म्हणून टूल्स इमेजमध्येच बेक करायची, म्हणजे आधीच बसवून ठेवायची. ते करतानाही त्याच त्याच चुका होतात म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय. कमांडी अक्षरशः देत नाही, त्या व्हर्जननुसार बदलतात आणि डॉक्युमेंटेशनमध्ये मिळतात. लोकांचा घोळ होतो तो क्रमात.

एक नियम आधीच डोक्यात पक्का करा. इमेजमध्ये फक्त टूल्स जातात. स्टॅकचं नाव, रीजन (एडब्ल्यूएसचा भौगोलिक विभाग), रिसोर्सचं नाव यातलं काहीही इमेजमध्ये जात नाही, ते बूटच्या वेळी यूझर डेटातून येतं. इमेज म्हणजे कोरा फॉर्म समजा, नाव-गाव ज्याचं त्याने भरायचं. पुढच्या निम्म्या चुका हा नियम मोडल्यामुळेच होतात.

## सुरू करण्याआधीची तयारी

टूल्स चार आहेत. सीएफएन-इनिट टेम्प्लेटमधला मेटाडेटा (इन्स्टन्सवर काय काय लावायचं त्याची यादी) वाचून पॅकेज, फाईल, सर्व्हिस लावतं. सीएफएन-सिग्नल काम झालं की नाही ते स्टॅकला कळवतं. सीएफएन-हप मागे चालत राहून मेटाडेटा बदलला का ते बघतं. आणि सीएफएन-गेट-मेटाडेटा नुसता मेटाडेटा काढून दाखवतं, डीबगिंगला ते फार कामाचं आहे. चारही एकाच टारबॉलमधून येतात.

हाताशी काय काय हवं ते सांगतो. इमेज बनवायला पॅकर (स्क्रिप्टवरून इमेज बनवणारं टूल), कारण कन्सोलवरून हाताने इन्स्टन्स चालू करून "क्रिएट इमेज" दाबलं तर तीन महिन्यांनी त्या इमेजमध्ये काय होतं ते कोणालाच सांगता येत नाही. स्वतःचं एक एस३ बकेट (फाईली ठेवायची एडब्ल्यूएसवरची जागा). आणि टेस्टसाठी अगदी छोटा टेम्प्लेट, एक इन्स्टन्स आणि एक सिक्युरिटी ग्रुप एवढाच. प्रॉडक्शनच्या टेम्प्लेटवर इमेज टेस्ट करू नका, काही फुटलं तर दोष इमेजचा की टेम्प्लेटचा हेच कळत नाही.

चेक: बिल्ड ज्या रीजनमध्ये करणार आणि स्टॅक ज्या रीजनमध्ये चालवणार ते आत्ताच लिहून ठेवा. एएमआयचा आयडी रीजनपुरताच असतो, मुंबईत बनवलेल्या इमेजचा आयडी हैदराबादमध्ये चालत नाही, तिथे इमेज कॉपी करावी लागते आणि कॉपीला नवा आयडी मिळतो.

## टप्पा १: बेस इमेज निवडणे

उबंटूची इमेज शोधताना नावावरून शोधू नका, मालकाचा अकाऊंट नंबरही द्या. कॅनोनिकलचा (उबंटू बनवणारी कंपनी) नंबर ०९९७२०१०९४७७ आहे. नुसत्या नावाच्या फिल्टरवर "सगळ्यात नवीन" मागितलं तर त्याच धर्तीचं नाव देऊन कोणीही पब्लिक केलेली इमेज तुमच्या हातात पडू शकते. हा सुरक्षेचा मुद्दा आहे, आळस करू नका.

२२.०४ घ्यायचं की २४.०४ हे तुमच्या ॲपवर ठरवा, पण फरक माहीत असू द्या. २२.०४ मध्ये पायथन ३.१० आहे, २४.०४ मध्ये ३.१२. आणि २४.०४ वर सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट पिप इन्स्टॉल केलं की "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" असा एरर येतो आणि काम तिथेच थांबतं. जुने यूझर डेटाचे स्क्रिप्ट २४.०४ वर फुटायचं हे पहिलं कारण.

ग्रॅव्हिटॉनवर (एडब्ल्यूएसचे एआरएम प्रोसेसर) चालवणार असाल तर त्यासाठी वेगळी इमेज बनवा, एकच इमेज दोन्ही आर्किटेक्चरवर चालत नाही.

## टप्पा २: बिल्ड इन्स्टन्स शांत होऊ द्या

पॅकर एसएसएच लागली की लगेच तुमचे स्क्रिप्ट चालवायला घेतो. पण एसएसएच चालू झाली म्हणजे इन्स्टन्स तयार झाला असं नाही. तेव्हा आत क्लाऊड-इनिट (पहिल्या बूटला इन्स्टन्सची मांडणी करणारा आणि यूझर डेटा चालवणारा प्रोग्रॅम) अजून काम करत असतं, एपीटीच्या सोर्सची यादी लिहीत असतं, आणि तुम्ही त्याच वेळी एपीटी अपडेट मारलं की कधी लॉकचा एरर, कधी "पॅकेज सापडत नाही". आणि हे दर वेळी होत नाही, कधी होतं कधी नाही, म्हणून लोक बिल्ड पुन्हा चालवतात, यशस्वी होतं आणि विषय सोडून देतात.

म्हणून पहिलं स्क्रिप्ट एकाच कामाचं असावं: क्लाऊड-इनिटला स्टेटस विचारायचं आणि ते संपेपर्यंत थांबायचं, त्यासाठी वेटचा पर्याय आहेच. नव्या व्हर्जनमध्ये किरकोळ वॉर्निंग असली तरी ही कमांड एक्झिट कोड (कमांड कशी संपली ते सांगणारा आकडा, शून्य म्हणजे ठीक) २ देते आणि पॅकर बिल्ड बंद पाडतो. असं झालं तर आधी क्लाऊड-इनिटचा लॉग वाचा, वॉर्निंग खरंच निरुपद्रवी असेल तरच पॅकरला २ हा कोड चालेल असं सांगा.

## टप्पा ३: टारबॉल स्वतःकडे घ्या

अमेझॉनच्या पब्लिक बकेटमध्ये टारबॉलच्या दोन फाईली दिसतील. एकीच्या नावात पीवाय३ आहे, दुसरीच्या नाही. जिच्यात नाही ती पायथन २ साठीची जुनी. तुम्हाला पीवाय३ वालीच हवी. जुन्या ब्लॉगवरून लिंक कॉपी केली की नेमकी दुसरी येते.

दोन्हींच्या नावात "लेटेस्ट" आहे, म्हणजे आतली फाईल कधीही बदलू शकते. म्हणून एकदा डाऊनलोड करा, शा-२५६ चेकसम (फाईल बदलली की बदलणारा तिचा ठसा) काढा, तुमच्या बकेटमध्ये तारीख घालून ठेवा, आणि बिल्डमध्ये तुमच्याच बकेटमधून घेऊन चेकसम जुळला तरच पुढे जा. नवं व्हर्जन हवं असेल तेव्हा हे तुम्ही जाणीवपूर्वक बदलाल, आपोआप बदलणार नाही.

सावधान: टारबॉल सोडून नुसतं नाव टाकून पिपमध्ये शोधायचं आणि जे येईल ते बसवायचं, असं करू नका. ही टूल्स रूट म्हणून चालतात.

## टप्पा ४: व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, आणि ते योग्य जागी

२४.०४ वरचा तो एक्स्टर्नली मॅनेज्डचा एरर आला की बरेच जण "ब्रेक सिस्टिम पॅकेजेस" हा फ्लॅग देऊन पुढे जातात. नाव वाचा त्या फ्लॅगचं. उबंटूमध्ये क्लाऊड-इनिट स्वतः पायथनमध्येच आहे आणि सिस्टिमच्या पायथनवर चालतं. तिथल्या लायब्ररीवर दुसरं व्हर्जन बसलं तर जे बूटच्या वेळी यूझर डेटा चालवणार तेच बिघडू शकतं, आणि मग टूल्स बसवून काही उपयोग नाही.

तेव्हा व्हेन्व्ह करा, म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, सिस्टिमपासून वेगळं ठेवलेलं पायथन. त्याआधी एपीटीने पायथन३-व्हेन्व्ह हे पॅकेज घ्या, उबंटूच्या इमेजमध्ये ते नसलं तर व्हेन्व्ह अर्धवट बनतं आणि पिप नसल्याची तक्रार येते. व्हेन्व्हची जागा /ऑप्ट/एडब्ल्यूएस खाली, म्हणजे समजा /ऑप्ट/एडब्ल्यूएस/सीएफएन-बूटस्ट्रॅप.

आता महत्त्वाचं. व्हेन्व्ह जिथे कायम राहणार तिथेच बनवा. टेम्प फोल्डरमध्ये बनवून नंतर हलवू नका. आतल्या प्रत्येक स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत पायथनचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, फोल्डर हलला की तो पत्ता खोटा होतो आणि शेल म्हणतं "नो सच फाईल ऑर डिरेक्टरी", फाईल तर समोर दिसतेय, परमिशनही बरोबर आहे, आणि माणूस डोकं धरून बसतो. फाईल आहेच, पहिल्या ओळीतला पायथन नाहीये.

व्हेन्व्ह झालं की आतलाच पिप वापरून आधी पिप अपडेट करा, मग सेटअपटूल्स टाका, मग टारबॉल. सेटअपटूल्स वेगळं सांगायचं कारण असं की पायथन ३.१२ पासून नव्या व्हेन्व्हमध्ये ते आपोआप येत नाही आणि जुन्या धर्तीच्या पॅकेजना ते लागू शकतं. आधीच टाकून ठेवलं तर काही बिघडत नाही.

चेक: चारही टूल्स पूर्ण पत्त्याने आणि हेल्पच्या फ्लॅगने चालवून बघा, आणि तेही रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे एन्व्ह कमांडला डॅश-आय देऊन. तुमच्या लॉगिनच्या शेलमध्ये पाथ वगैरे सगळं सेट असतं, बूटच्या वेळी ते नसतं. इम्पोर्टचा काही एरर असेल तर इथेच दिसेल. एकही टूल फुटलं तर बिल्ड तिथेच फेल झालं पाहिजे, स्क्रिप्टमध्ये तशी सोय ठेवा.

## टप्पा ५: सिमलिंक

/ऑप्ट/एडब्ल्यूएस/बिन हा फोल्डर बनवा आणि व्हेन्व्हमधल्या चारही टूल्सच्या सिमलिंक (मूळ फाईलकडे बोट दाखवणारी नावं) तिथे द्या. जागा हीच ठेवा, कारण अमेझॉन लिनक्सवर टूल्स याच फोल्डरमध्ये असतात आणि तुमचे जुने टेम्प्लेट याच पत्त्याने हाका मारतात. इथे जुळवून घेतलं तर दोन डिस्ट्रोंसाठी यूझर डेटा वेगळा ठेवावा लागत नाही. निम्मी मेहनत इथे वाचते.

सिमलिंक पूर्ण पत्त्याने द्या. मालक रूट, आणि रूटशिवाय कोणालाही लिहायची परवानगी नको. पॅकर उबंटू या यूझरने लॉगिन करतो हे लक्षात ठेवा, स्क्रिप्ट सुडोने चालवलं नसेल तर एक तर परमिशन डिनाइड येईल किंवा काही फाईली उबंटू यूझरच्या नावावर राहतील. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण सगळं चालतं आणि लक्षातच येत नाही.

## टप्पा ६: सीएफएन-हपची सर्व्हिस बसवा, पण चालू करू नका

सिस्टिमडीची (उबंटूवर सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) युनिट फाईल स्वतः लिहा, चार-सहा ओळींचीच असते. सिंपल प्रकारची सर्व्हिस, एक्झेक-स्टार्टमध्ये पूर्ण पत्ता, रीस्टार्ट ऑलवेज.

इथे दोन चुका होतात. पहिली, नो-डेमनचा फ्लॅग देणे. बाकी डेमन फोरग्राऊंडला ठेवायला असाच फ्लॅग असतो म्हणून सवयीने दिला जातो, पण सीएफएन-हपमध्ये त्याचा अर्थ आहे "एकदाच चालव आणि बंद हो". मग रीस्टार्ट ऑलवेज असल्यामुळे सर्व्हिस सारखी उठते आणि मरते.

दुसरी चूक म्हणजे बिल्डमध्येच सर्व्हिस एनेबल करून टाकणे. सीएफएन-हपला /ईटीसी/सीएफएन मधली त्याची कॉन्फ फाईल लागते, तिच्यात स्टॅकचं नाव आणि रीजन असतं, आणि ते बिल्डच्या वेळी माहीतच नसतं. त्यामुळे बूट झाल्या झाल्या सर्व्हिस फेल. मग कोणीतरी युक्ती म्हणून टेस्ट स्टॅकचं नाव त्या फाईलमध्ये घालून इमेज बनवतो, आणि पुढचे सगळे इन्स्टन्स भलत्याच स्टॅकची चौकशी करत बसतात. असं करू नका. सर्व्हिस डिसेबल ठेवा, आणि युनिटमध्ये "ही फाईल असेल तरच सुरू हो" अशी पाथची अटही घाला. चालू करायचं काम टप्पा ९ मध्ये सीएफएन-इनिट करेल.

फोल्डर मात्र बनवून ठेवा: /ईटीसी/सीएफएन आणि त्याच्या आत हुक्स-डॉट-डी. दोन्ही रिकामे.

## टप्पा ७: साफसफाई, सगळ्यात शेवटी

हा टप्पा लोक घाईत उरकतात. इथे एकेक गोष्ट नीट बघा.

बिल्डच्या वेळी सीएफएन-इनिट खरंच चालवून बघितलं असेल तर /व्हार/लिब खाली सीएफएन-इनिट आणि सीएफएन-हपचे फोल्डर तयार झाले असतील, त्यात जुना मेटाडेटा असतो. ते आणि /व्हार/लॉग मधले सीएफएनचे लॉग उडवा. लॉग ठेवले तर नव्या इन्स्टन्सवर डीबग करताना बिल्डच्या दिवशीचे एरर वाचत बसाल.

मग क्लाऊड-इनिट क्लीन, लॉगच्या फ्लॅगसकट. मशीन-आयडीची फाईल डिलीट करू नका, रिकामी करा, म्हणजे पुढच्या बूटला नवा आयडी तयार होतो. ती तशीच राहिली तर सगळ्या इन्स्टन्सचा आयडी एकच आणि त्यावर चालणारी मॉनिटरिंगची टूल्स सगळ्यांना एकच मशीन समजतात. एसएसएचच्या होस्ट की काढा. पॅकरने बिल्डपुरती टाकलेली पब्लिक कीही ऑथोराईज्ड कीजमध्ये राहते, ती काढायचा पर्याय पॅकरमध्येच आहे, तो ऑन करा. एपीटीचा कॅश, शेलची हिस्टरी, आणि बिल्डमध्ये कुठे क्रेडेन्शियल वापरलं असेल तर तेही.

सावधान: साफसफाईनंतर एकही प्रोव्हिजनर (पॅकरमधली स्क्रिप्ट चालवायची पायरी) नको. "अजून एक छोटं पॅकेज" म्हणून शेवटी ओळ वाढवली जाते आणि वरचं सगळं अर्धं वाया जातं. टीममध्ये कोणी नवीन प्रोव्हिजनर जोडला की तो क्लीनअपच्या वरच आहे ना, हे रिव्ह्यूमध्ये बघा.

## टप्पा ८: यूझर डेटा लिहिणे

इमेज झाली. आता बूटच्या वेळी ओळख द्यायची. सगळ्यात जास्त स्टॅक इथेच पडतात, म्हणून जरा सविस्तर.

रीजन. सीएफएन-इनिट, सीएफएन-सिग्नल, दोघांनाही रीजनचा फ्लॅग द्यायचाच. दिला नाही तर ती यूएस-ईस्ट-१ धरतात. म्हणजे मुंबई रीजनमधला, एपी-साऊथ-१ मधला तुमचा इन्स्टन्स व्हर्जिनियाला जाऊन विचारतो की माझा स्टॅक कुठाय, आणि उत्तर येतं "स्टॅक डझ नॉट एक्झिस्ट". स्टॅक तर कन्सोलवर समोर दिसतोय! इंटरनेटवरची बरीच उदाहरणं यूएस-ईस्ट-१ मध्ये केलेली असतात, तिथे फ्लॅग विसरला तरी चालून जातं, आणि तेच कॉपी करून मुंबईत टाकलं की फुटतं. रीजन हाताने टाईप करू नका, टेम्प्लेटमधला रीजनचा स्यूडो पॅरामीटर (ज्याची किंमत क्लाऊडफॉर्मेशन स्वतः भरतं) वापरा.

रिसोर्स. इथे लॉजिकल आयडी द्यायचा, म्हणजे टेम्प्लेटमध्ये तुम्ही दिलेलं नाव. आय-डॅशने सुरू होणारा इन्स्टन्स आयडी रिसोर्सच्या फ्लॅगला द्यायचा नाही. आणि ऑटोस्केलिंग ग्रुप असेल तर सिग्नल ग्रुपच्या नावाने पाठवायचा, पण मेटाडेटा लाँच टेम्प्लेटवर (ग्रुप नवे इन्स्टन्स ज्यावरून उठवतो तो साचा) ठेवला असेल तर सीएफएन-इनिटला लाँच टेम्प्लेटचं नाव द्यायचं. दोघांना वेगळी नावं, यात गल्लत होते.

एक्झिट कोड. सीएफएन-इनिट झालं की त्याचा एक्झिट कोड सीएफएन-सिग्नलला द्यायचा असतो. मध्ये एखादी एको ओळ घातली तर कोड त्या एकोचा जातो, म्हणजे कायम शून्य, म्हणजे इनिट पडलं तरी स्टॅक हिरवा. याच्या उलटं, स्क्रिप्टच्या वर सेट डॅश-ई असेल तर इनिट पडल्या पडल्या स्क्रिप्ट संपतं आणि सिग्नलच्या ओळीपर्यंत पोचतच नाही, स्टॅक पूर्ण टायमाऊटभर ताटकळतो. यावर उपाय म्हणजे ट्रॅप. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच एक्झिटवर ट्रॅप लावा की स्क्रिप्ट कसंही संपलं तरी शेवटचा कोड घेऊन सिग्नल जाईल. मग फेल झालं तर ते लगेच कळतं, पंधरा मिनिटं थांबावं लागत नाही.

डॉलर आणि महिरपी कंस. यूझर डेटा एफएन-सब (टेम्प्लेटमधल्या व्हेरिएबलच्या जागी किंमत भरणारं फंक्शन) मधून जात असेल तर शेलचे व्हेरिएबलही तो स्वतःचेच समजतो आणि टेम्प्लेट व्हॅलिडेट होत नाही. शेलच्या व्हेरिएबलला महिरपी कंस उघडल्यावर लगेच उद्गारचिन्ह घाला, मग तो हात लावत नाही.

आणखी दोन लहान गोष्टी. यूझर डेटाला १६ केबीची मर्यादा आहे, त्यामुळे मोठी कॉन्फिग त्यात कोंबू नका, ती मेटाडेटात ठेवा. आणि फाईल विंडोजवर एडिट केली असेल तर लाईन एंडिंग तपासा, पहिल्या ओळीच्या शेवटी ते अदृश्य कॅरेक्टर चिकटलं की बॅशच सापडत नाही.

क्रेडेन्शियलचं काय, असं सारखं विचारलं जातं. स्वतःच्याच स्टॅकचा मेटाडेटा वाचायला आणि सिग्नल द्यायला ॲक्सेस की लागत नाही, रोलही (इन्स्टन्सला जोडलेला परवानग्यांचा संच) लागत नाही, इन्स्टन्स त्या स्टॅकचा आहे का ते क्लाऊडफॉर्मेशन तपासतं आणि तेवढ्यापुरती परवानगी देतं. त्यामुळे की इमेजमध्ये टाकायचं काहीच कारण नाही. पण रोलचा फ्लॅग दिलात तर मग त्या रोलला परवानग्याही द्याव्या लागतात.

चेक: इन्स्टन्स प्रायव्हेट सबनेटमध्ये आहे का? मग क्लाऊडफॉर्मेशनपर्यंत पोचायला नॅट गेटवे किंवा क्लाऊडफॉर्मेशनचा व्हीपीसी एंडपॉइंट हवा, प्रायव्हेट डीएनएस ऑन करून, आणि एंडपॉइंटच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये ४४३ उघडा. वेट कंडिशन (सिग्नलची वाट बघायची दुसरी पद्धत) वापरत असाल तर एस३ पर्यंतही रस्ता लागतो. टूल्स इमेजमध्ये आहेत म्हणजे नेटवर्क लागत नाही, असा समज करून घेऊ नका.

## टप्पा ९: मेटाडेटाचा क्रम

सीएफएन-इनिट एका कॉन्फिगमध्ये ठरलेल्या क्रमानेच जातं: पॅकेजेस, ग्रुप्स, यूझर्स, सोर्सेस, फाईल्स, कमांड्स, सर्व्हिसेस. तुम्ही टेम्प्लेटमध्ये सर्व्हिसेस वर लिहिलं तरी ते शेवटीच चालतं. हा क्रम मोडायचा असेल तर वेगवेगळे कॉन्फिग करून कॉन्फिगसेटमध्ये ओवा. कॉन्फिगसेटचं नाव डिफॉल्ट सोडून दुसरं ठेवलंत तर ते नाव फ्लॅगने द्यावं लागतं.

कमांड्स नावाच्या अक्षरक्रमाने चालतात. म्हणजे १०_रीस्टार्ट ही २_मायग्रेटच्या आधी चालते. नावं ०१, ०२ अशीच द्या.

उबंटूवर यम (अमेझॉन लिनक्सवर पॅकेज बसवणारं) चालत नाही, पॅकेजेसखाली एपीटी लिहा. सर्व्हिसेसखाली सिस्टिमडी लिहा. अमेझॉन लिनक्सचा टेम्प्लेट आणताना या दोन जागा हमखास राहतात.

सीएफएन-हप हवं असेल तर फाईल्समध्ये त्याची कॉन्फ लिहा, स्टॅक आयडी आणि रीजन घालून, मालक रूट, मोड ४००. हुक्स-डॉट-डी मध्ये एक हुक, ट्रिगर पोस्ट-अपडेट, आणि कृती म्हणून तीच सीएफएन-इनिटची ओळ, तिच्यातही रीजन. मग सर्व्हिसेसमध्ये सीएफएन-हप एनेबल आणि चालू, आणि या दोन फाईली बदलल्या तर रीस्टार्ट. फाईल्स आधी आणि सर्व्हिसेस शेवटी चालतात म्हणूनच हे जमतं. डिफॉल्टला सीएफएन-हप १५ मिनिटांनी तपासतं, टेस्ट करताना इंटरव्हल १ ठेवा नाहीतर "चालतच नाही" असं वाटेल.

## टप्पा १०: टेस्ट स्टॅक

छोट्या टेम्प्लेटमध्ये क्रिएशन पॉलिसी (सिग्नलची किती वेळ वाट बघायची ते सांगणारा भाग) द्या. टायमाऊट दिला नाही तर ५ मिनिटंच मिळतात, पहिल्या टेस्टला १५ ठेवा. रोलबॅक बंद करून स्टॅक सोडा, कारण फेल झाल्यावर रोलबॅकने इन्स्टन्सच उडवला तर लॉग कुठले वाचणार? मेटाडेटात टप्पा ९ मधला सीएफएन-हपचा भाग सोडला तर फक्त एक फाईल लिहायला सांगा.

हिरवा झाला तरी थांबू नका. दोन टेस्ट अजून करा. एक, मेटाडेटात मुद्दाम अशी कमांड घाला जी फेल होईल. ती कमांड पडल्यावर स्टॅक काही सेकंदांत फेल व्हायला हवा. हिरवा झाला किंवा टायमाऊटपर्यंत अडकला तर टप्पा ८ मधला एक्झिट कोड तपासा. ही टेस्ट जवळजवळ कोणी करत नाही आणि हीच सगळ्यात मोलाची आहे, कारण खोटं हिरवं दाखवणारा स्टॅक प्रॉडक्शनला बिघडलेले इन्स्टन्स घुसवतो. दोन, चालू स्टॅकच्या मेटाडेटात त्या फाईलचा मजकूर बदलून अपडेट करा आणि मिनिट-दोन मिनिटांत इन्स्टन्सवर फाईल बदलते का बघा.

लॉग कुठल्या क्रमाने वाचायचे: आधी क्लाऊड-इनिटचा आऊटपुट लॉग, यूझर डेटा चालला का आणि कुठल्या ओळीला मेला ते तिथे. मग सीएफएन-इनिटचा लॉग. कमांडने स्वतः काय छापलं ते सीएफएन-इनिट-सीएमडी नावाच्या वेगळ्या लॉगमध्ये असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सीएफएन-इनिटचा लॉग अजिबातच नसेल तर टूल सुरूच झालं नाही, म्हणजे पत्ता किंवा सिमलिंक, टप्पा ४ आणि ५ कडे परत. लॉग आहे आणि त्यात स्टॅक नाही असं लिहिलंय तर रीजन. कनेक्शन टायमाऊट दिसला तर नेटवर्क. तीन वेगवेगळी दुखणी आहेत, औषधही वेगळं.

आणि डीबग करताना यूझर डेटा बदलून नुसता रीबूट करू नका, क्लाऊड-इनिट ते स्क्रिप्ट एका इन्स्टन्सवर एकदाच चालवतं. नवा इन्स्टन्स घ्या किंवा सीएफएन-इनिटची ओळ हाताने रूट म्हणून चालवा.

## टप्पा ११: इमेज टीमला देणे

एएमआयचा आयडी टेम्प्लेटमध्ये टाईप करून ठेवू नका. पॅरामीटर स्टोअरमध्ये (नावाखाली किंमत साठवायची एडब्ल्यूएसची सोय) एक नाव ठरवा, दोन्ही टेस्ट पास झाल्यावरच नवा आयडी तिथे लिहा, आणि टेम्प्लेट तिथून वाचू द्या. आधीचा आयडी तिथल्या हिस्टरीत राहतो, परत जायला सोपं पडतं. जुनी इमेज लगेच डीरजिस्टर करू नका, एखाद्या लाँच टेम्प्लेटमध्ये तिचा आयडी अडकलेला असला तर पुढच्या स्केलिंगला इन्स्टन्सच उठणार नाहीत.

इमेजला टॅग लावा: बेस एएमआयचा आयडी, टारबॉलचा चेकसम, बिल्डची तारीख. बिल्ड दर महिन्याला पुन्हा चालवा, नवीन काही बदललं नसलं तरी, कारण उबंटूचे सिक्युरिटी पॅच बेस इमेजमधून येत राहतात. मुंबई आणि हैदराबाद दोन्हीकडे काम असेल तर कॉपी पॅकरलाच करायला सांगा, आणि हैदराबादच्या कॉपीवर टप्पा १० मधली फेल होणारी टेस्ट वेगळी चालवा. कुठे हाताने लिहिलेलं एपी-साऊथ-१ राहून गेलं असेल तर ते तिथेच पकडलं जातं.